केबल ब्रॉडबँडचा अ‍ॅम्प्लिफायर: सेटिंग आणि तपासणी, पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी

अ‍ॅम्प्लिफायरचं झाकण उघडलं की नव्या माणसाचा हात आधी गेनच्या, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणाऱ्या, स्क्रूकडे जातो. मॉडेमचा दिवा लुकलुकतोय, म्हणजे सिग्नल कमी पडतोय, म्हणजे थोडा वाढवू या, असा सरळ हिशेब असतो. खरं तर तो स्क्रू सगळ्यात शेवटी फिरवायचा, आणि बऱ्याचदा तशी वेळच येत नाही. अ‍ॅम्प्लिफायर आत येणारं सगळं मोठं करतो. सिग्नलबरोबर आलेला नॉईजही, म्हणजे नको असलेली खरखरही, तेवढीच मोठी होते, शिवाय तो स्वतःचा थोडा नॉईज वर घालतो. आत खराब आलेलं बाहेर चांगलं निघत नाही. म्हणून या कामातला निम्मा वेळ आत काय येतंय हे बघण्यात जायला हवा.

हा लेख इमारतीत किंवा घरात बसवलेल्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरचं काम शिकणाऱ्यांसाठी आहे. लाइनवरच्या मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरची पद्धतही हीच, पण तो कंपनीचा माल असतो आणि त्याच्या मागे कित्येक घरं लटकलेली असतात. परवानगी असल्याशिवाय त्याला हात लावू नका.

आकड्यांची ओळख

लेव्हल मीटर, म्हणजे सिग्नलची उंची मोजणारा मीटर, दोनपैकी एका एककात आकडा दाखवतो. ७५ ओहमवर १ मिलिव्होल्ट म्हणजे ० डीबीएमव्ही. तेच दुसऱ्या एककात ६० डीबीमायक्रोव्होल्ट. एकातून दुसऱ्यात जायचं तर ६० मिळवायचे किंवा वजा करायचे. मीटर कुठल्या एककावर आहे हे न बघता वहीत आकडे उतरवले तर पुढची सगळी आकडेमोड फुकट जाते. मी इथे डीबीमायक्रोव्होल्ट धरलंय आणि सोयीसाठी नुसतं 'डीबी' लिहिणार आहे. ३ डीबी वाढले की पॉवर दुप्पट होते, ६ डीबी वाढले की व्होल्टेज दुप्पट, २० डीबी वाढले की व्होल्टेज दहापट. गेन मिळवायचा, लॉस वजा करायचा, इतकंच गणित लागतं.

आता केबलचा स्वभाव. केबल सगळ्या फ्रिक्वेन्सी सारख्या खात नाही. आरजी-६ केबलच्या १०० मीटरमध्ये ५५ मेगाहर्ट्झला साधारण ५ डीबी जातात, पण १००० मेगाहर्ट्झला २१-२२ डीबी जातात. जाड आरजी-११ मध्ये हेच आकडे ३ आणि १४ च्या आसपास असतात. म्हणजे तिकडून सगळी चॅनेल्स एका उंचीवर सोडली, तरी तुमच्यापर्यंत येताना खालची उंच आणि वरची बसकी झालेली असतात. या उताराला सगळे स्लोप म्हणतात. अ‍ॅम्प्लिफायरची सगळी सेटिंग या एका गोष्टीभोवती फिरते.

त्यासाठी अ‍ॅम्प्लिफायरमध्ये दोन गोष्टी असतात: पॅड आणि इक्वलायझर. काही मॉडेल्समध्ये त्या चिमुकल्या प्लगच्या रूपात येतात, काहींत फिरवायचे स्क्रू असतात. पॅड, म्हणजेच अटेन्युएटर, सगळ्या फ्रिक्वेन्सी सारख्याच खाली आणतो. इक्वलायझर खालच्या फ्रिक्वेन्सी जास्त दाबतो आणि वरच्या जवळपास तशाच सोडतो, म्हणजे केबलच्या बरोबर उलट.

झाकण उघडण्याआधी

काही अ‍ॅम्प्लिफायर भिंतीवरच्या प्लगवर चालतात, तर काहींना सिग्नलच्याच केबलमधून वीज येते. लाइनवर ती साधारण ६० किंवा ९० व्होल्ट एसी असते आणि केबलच्या मधल्या तारेतून वाहते. बोटाला झटका बसतो तो बसतोच, शिवाय मीटरचं इनपुट जळू शकतं. मीटरच्या माहितीपत्रकात तो किती एसी व्होल्टेज सहन करतो ते आधी वाचा. शक्यतो थेट केबलला न जोडता टेस्ट पॉइंटवरच, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरवर मोजण्यासाठीच दिलेल्या तोंडावर, मोजा. हे व्होल्टेज साइन लहरीचं नसतं, कडा जवळपास चौकोनी असतात. त्यामुळे साधा मल्टिमीटर ते जरा जास्त दाखवतो. ट्रू आरएमएस मीटर वापरलात तरच आकडा खरा मिळतो. अर्थिंगची तार नुसती बॉक्सला गुंडाळलेली नाही ना, घट्ट कसलेली आहे ना, ते बघा. ढग गडगडत असतील तर काम उद्यावर टाका.

मग कनेक्टर. माझा अनुभव असा की निम्म्या तक्रारी इथेच सुटतात, म्हणून याला वेळ द्या. एफ कनेक्टर हातात घेऊन उजेडात बघा. मधली तांब्याची तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर साधारण ३ मिलिमीटर यायला हवी. आखूड असेल तर आत नीट टेकत नाही आणि वारा आला, ट्रक गेला की सिग्नल तुटतो. फार लांब असेल तर पोर्टच्या आतली पकड वाकवते. तिच्याभोवतीचं पांढरं इन्सुलेशन कनेक्टरच्या आतल्या कडेशी सपाट बसलेलं हवं. जाळीचा एखादा केसासारखा तंतू मधल्या तारेला चिकटलेला असेल तर तो पूर्ण किंवा अर्धवट शॉर्ट करतो. नखाने तार खरवडून बघा. हिरवट किंवा काळपट थर लागला असेल तर पाणी आत गेलंय. पुसत बसू नका, केबल थोडी मागे कापून नवा कनेक्टर लावा. पिळून बसवलेला जुना कनेक्टर दिसला तर कॉम्प्रेशनचा लावा. शेवटी पान्याने कसा. हाताने कसलेला कनेक्टर महिन्याभरात सैल होतो.

आत काय येतंय

अ‍ॅम्प्लिफायर चालू करा आणि पंधरा-वीस मिनिटं तापू द्या. मीटरही तेवढा वेळ चालू ठेवा. थंड यंत्रावर घेतलेला आकडा थोड्या वेळाने सरकतो.

आता इनपुट टेस्ट पॉइंटवर मोजा. बहुतेक टेस्ट पॉइंट खऱ्या लेव्हलपेक्षा २० डीबी कमी दाखवतात, काही ३० डीबी. पोर्टशेजारी किंवा झाकणावर ते लिहिलेलं असतं. मीटर ५० दाखवत असेल आणि टेस्ट पॉइंट २० डीबीचा असेल, तर खरी लेव्हल ७०. नवीन माणूस ही बेरीज विसरतो आणि सिग्नल फारच कमी आहे असं समजून गेन वाढवत सुटतो. काही मीटरमध्ये ही भर आपोआप घालायची सोय असते. ती चालू आहे की बंद, ते रोज सकाळी तपासा.

निदान तीन ठिकाणी मोजा: सगळ्यात खालचं चॅनेल, मधलं एखादं आणि सगळ्यात वरचं. प्रत्येक ठिकाणी लेव्हलबरोबर एमईआरही लिहून घ्या. डिजिटल सिग्नल किती स्वच्छ आहे ते एमईआर सांगतो. २५६ क्वॅम या पद्धतीने डेटा भरलेल्या चॅनेलसाठी ग्राहकाच्या टोकाला मी ३४-३५ डीबीच्या खाली समाधान मानत नाही. अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडाशीच तो ३१ असेल, तर पुढे तुम्ही काहीही करा, मॉडेमला ३१ पेक्षा चांगला मिळणार नाही. अशा वेळी झाकण बंद करा आणि मागे, सिग्नल येतो त्या दिशेला, शोध घ्या.

एक हिशेब, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा नेटवर्क ८५ ते ८६० मेगाहर्ट्झचं आहे. इनपुटला खालच्या टोकाला ७८ आणि वरच्या टोकाला ७० डीबी येतात, म्हणजे ८ डीबीचा उतार. अ‍ॅम्प्लिफायरचा गेन ३० डीबी आहे.

बाहेर किती हवं हे मनाने ठरवायचं नसतं. शेवटच्या मॉडेमपासून उलटं मोजत या. डॉक्सिस (केबलवरून इंटरनेट देण्याचं मानक) मॉडेमला येणारी लेव्हल ४५ ते ७५ डीबीमध्ये चालते, पण मी ६० च्या आसपास आणायचा प्रयत्न करतो, म्हणजे दोन्ही बाजूंना मोकळी जागा राहते. अ‍ॅम्प्लिफायरपासून मॉडेमपर्यंत टॅप (लाइनमधून घराकडे थोडा सिग्नल काढणारा भाग), स्प्लिटर (सिग्नलच्या वाटा पाडणारा) आणि केबल मिळून वरच्या टोकाला ३६ डीबी आणि खालच्या टोकाला ३२ डीबी जातात असं धरा. मॉडेमला दोन्हीकडे ६२ द्यायचे असतील, तर अ‍ॅम्प्लिफायरमधून वर ९८ आणि खाली ९४ निघायला हवेत. हा ४ डीबीचा उलटा उतार म्हणजे टिल्ट. पुढची केबल तो खाऊन टाकणार, म्हणून आधीच वर चढवून द्यायचा. स्प्लिटरचा लॉस आठवणीत ठेवा: दोन वाटांचा साधारण ३.५ डीबी, चार वाटांचा ७, आठ वाटांचा ११ च्या आसपास.

आता वरच्या टोकापासून सुरुवात करा. ७० आत येतात, इक्वलायझर वरच्या टोकालाही साधारण १ डीबी खातो, उरले ६९. त्यात ३० चा गेन मिळवला की ९९. हवेत ९८, म्हणजे १ डीबीचा पॅड. खालच्या टोकाला ७८ मधून पॅडचा १ आणि इक्वलायझरचा १ गेला, ७६. अधिक ३० म्हणजे १०६. हवेत ९४. फरक १२ डीबी, म्हणून इक्वलायझर १२ चा. ताळा करून बघा: येणारा उतार ८ आणि द्यायचा टिल्ट ४, मिळून १२. जमलं.

गेनचा स्क्रू या हिशेबात कुठेच आला नाही. प्लगच्या किमती एक-दीड डीबीच्या टप्प्याने मिळतात. त्यातून उरलेला अर्धा-पाऊण डीबी जुळवायला तो स्क्रू आहे.

पॅड कुठे बसवायचा हेही महत्त्वाचं. काही अ‍ॅम्प्लिफायरमध्ये दोन जागा असतात, एक अगदी सुरुवातीला आणि एक दोन टप्प्यांच्या मध्ये. सुरुवातीचा प्रत्येक डीबी सिग्नल आणि नॉईज यांच्यातलं अंतर तेवढंच कमी करतो, मधल्या जागेचा परिणाम बराच कमी असतो. इनपुट खूप जास्त येत असेल तर सुरुवातीला पॅड लावावाच लागतो, नाहीतर पहिलाच टप्पा ओव्हरलोड होतो. थोडंसंच कमी करायचं असेल तर मधली जागा वापरा.

अंतर किती राहतं ते काढता येतं. ८ मेगाहर्ट्झच्या चॅनेलमध्ये कुठल्याही उपकरणाने न घातलेला, निव्वळ उष्णतेचा नॉईज साधारण ४ डीबी असतो. त्यात अ‍ॅम्प्लिफायरचा नॉईज फिगर, म्हणजे तो स्वतः किती नॉईज घालतो तो आकडा, मिळवा, समजा ६. गेनच्या पायरीला ६८ डीबी पोचत असतील तर ६८ वजा १०, म्हणजे ५८ डीबीचं अंतर. उत्तम. हेच ४८ पोचले असते तर ३८ उरले असते, आणि पुढे आणखी एक-दोन अ‍ॅम्प्लिफायर असते तर काम अडलं असतं. एकापुढे एक सारखे अ‍ॅम्प्लिफायर जोडताना त्यांची संख्या दुप्पट झाली की हे अंतर ३ डीबीने घटतं. त्यामुळे 'लांब पडतंय, अजून एक अ‍ॅम्प टाकू' हा उपाय मी शेवटचा मानतो. आधी पातळ केबल काढून जाड टाकता येते का, नको असलेला स्प्लिटर निघतो का, ते बघा.

आउटपुट मोजताना

प्लग बसवले की आउटपुट टेस्ट पॉइंटवर तीच तीन चॅनेल्स मोजा. पुन्हा २० मिळवायला विसरू नका. अर्ध्या-एक डीबीच्या आत जुळलं तर सोडून द्या, आकडा गोल करण्याच्या नादात वेळ घालवू नका.

मग एमईआर. इनपुटपेक्षा आउटपुटला तो एखाद्या डीबीने कमी असेल तर ठीक. तीन-चारने पडला असेल तर दोन कारणं असू शकतात, नॉईज किंवा ओव्हरलोड, आणि दोन्हींचे उपाय उलटे आहेत. ओळखायची युक्ती सोपी आहे. इनपुटला तात्पुरता ३ डीबीचा पॅड जास्त टाका आणि एमईआर बघा. सुधारला, तर अ‍ॅम्प्लिफायर ओव्हरलोड होत होता. पॅड राहू द्या किंवा आउटपुट उतरवा. आणखी ३ ने खाली गेला, तर इथेच सिग्नल कमी पडतोय. काहीच हललं नाही, तर घाण मागूनच येतेय, तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरचा दोष नाही. इतक्या कमी खर्चात इतकं सांगणारी दुसरी तपासणी मला माहीत नाही.

लेव्हल आणि एमईआर चांगले, पण बीईआर, म्हणजे चुकीच्या बिट्सचं प्रमाण, मधूनच उसळी मारतो, असंही होतं. तेव्हा कुठेतरी काहीतरी सैल असतं. मीटरवर नजर ठेवून एकेक कनेक्टर हलकेच हलवा, गुन्हेगार सापडतो.

मीटरमध्ये स्पेक्ट्रम, म्हणजे सगळ्या फ्रिक्वेन्सींचा आलेख, दिसत असेल तर सगळा पट्टा एका नजरेत बघा. वरची रेषा एकसारखी चढती असायला हवी. तिच्यावर समान अंतराने लाटा दिसत असतील तर सिग्नल कुठूनतरी आपटून परत येतोय: दबलेली केबल, पाणी, उघडं टोक. दोन लाटांमधलं अंतर मेगाहर्ट्झमध्ये मोजा. १५० ला केबलच्या वेगाच्या गुणकाने गुणा, साध्या फोम केबलसाठी तो ०.८५ च्या आसपास असतो, आणि त्या अंतराने भागा. लाटा ५ मेगाहर्ट्झच्या असतील तर १५० गुणिले ०.८५ भागिले ५, म्हणजे साधारण साडेपंचवीस मीटर. दोष तेवढ्या अंतरावर शोधायचा. पहिल्यांदा या गणितावरून मी छताच्या कोपऱ्यात खिळ्याखाली चेपलेली केबल काढली, त्या दिवसापासून मी अंदाजाने केबल उपटणं सोडलं.

परतीची वाट

मॉडेम नुसतं ऐकत नाही, बोलतंही. ते बोलणं खालच्या पट्ट्यातून जातं. नेटवर्कप्रमाणे हा पट्टा ५ ते ४२, ५ ते ६५ किंवा ५ ते ८५ मेगाहर्ट्झ असतो, आणि डॉक्सिस ३.१ मध्ये तो २०४ पर्यंतही नेता येतो. अ‍ॅम्प्लिफायरमधला डिप्लेक्स फिल्टर दोन्ही वाटा वेगळ्या करतो. नेटवर्क ८५ वर आणि अ‍ॅम्प्लिफायर ६५ चा, असं झालं तर मधला पट्टा गडप होतो. बदली अ‍ॅम्प्लिफायर बसवताना आधी हा आकडा वाचा. आणि घरगुती अ‍ॅम्प्लिफायर घेताना त्यात परतीची वाट आहे ना, हे नक्की करा. नुसत्या टीव्हीसाठी बनवलेल्यातून मॉडेमचं बोलणं बाहेरच पडत नाही.

इथे हिशेब उलटा आहे. मॉडेमकडे जाताना आपण बाहेर निघणारी लेव्हल ठरवतो. परतीत वरच्या, म्हणजे कंपनीच्या बाजूच्या, अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडाशी पोचणारी लेव्हल ठरलेली असते आणि आपला पॅड, इक्वलायझर त्याप्रमाणे निवडायचा असतो. कंपनीचा आकडा मिळाला की सिग्नल जनरेटरने परतीच्या इनपुटला ठरलेली लेव्हल सोडा आणि पलीकडे तो आकडा येईपर्यंत परतीचा पॅड बदला. जनरेटर नसेल तर ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या मॉडेमच्या पानावर तो किती जोर लावतोय ते दिसतं. ९५ ते १०८ डीबीमध्ये असेल तर मी निश्चिंत असतो. त्याहून जास्त म्हणजे मॉडेम ओरडतोय, वाटेत लॉस फार आहे. ९० च्या खाली असेल तर पुष्कळ जण खूश होतात, पण तेही बरं नाही: मॉडेम कुजबुजतोय आणि त्याच वाटेने घरातला नॉईज तितक्याच सहज आत शिरतोय. तिथे परतीला पॅड वाढवला की मॉडेम आपोआप जोर लावतो आणि नॉईज मागे पडतो.

परतीत एका घराची घाण सगळ्यांना भोगावी लागते, कारण सगळ्या फांद्यांचा नॉईज एकाच खोडात जमा होतो. एका इमारतीत मी दोन दिवस अ‍ॅम्प्लिफायर बदलत बसलो होतो. तक्रार ठराविक वेळीच यायची, बाकी वेळ सगळं ठीक. तिसऱ्या दिवशी स्पेक्ट्रम ५ ते ३० मेगाहर्ट्झवर लावून नुसता बघत उभा राहिलो. वरच्या मजल्यावर कुणीतरी ड्रिल चालू केलं, आणि त्या पट्ट्यातली जमीन, म्हणजे नॉईजची तळाची पातळी, एकदम उचलली गेली. ड्रिल थांबलं, खाली बसली. रिकाम्या खोलीत भिंतीतून एक केबल बाहेर आली होती, टोकाला काहीच नाही. ती अँटेनासारखं सगळं गोळा करत होती. चिमूटभर आकाराचं ७५ ओहमचं टर्मिनेटर लावलं आणि तक्रार गेली. तेव्हापासून मी सेटिंगला हात लावण्याआधी प्रत्येक स्प्लिटरची, टॅपची, भिंतीवरच्या सॉकेटची मोकळी तोंडं मोजतो आणि तितकी टर्मिनेटर खिशातून काढतो.

झाकण लावताना

लाइनवरच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ऑटोमॅटिक गेन असेल तर सगळं मॅन्युअलवर ठेवून जुळवा, मगच ऑटोवर टाका आणि आउटपुट तेवढंच राहील असं ऑटोचं सेटिंग करा. ऑटो नसेल तर तापमान लक्षात घ्या. केबल तापली की तिचा लॉस वाढतो, दर अंशाला साधारण ०.२ टक्के. छोट्या तारेत हे जाणवत नाही. लांब लाइनवर, जिथे २० डीबी जातात, तिथे ३० अंशांच्या फरकाने सव्वा डीबी इकडचे तिकडे होतात. थंड सकाळी अगदी काठावर सेटिंग केलं तर दुपारी फोन येतो.

झाकणाच्या कडेला रबर आणि धातूची जाळी असते. रबर पाणी अडवतं, जाळी बाहेरचे सिग्नल. दोन्ही आपापल्या खाचेत बसलीत ना, ते बोट फिरवून बघा. बोल्ट एका बाजूने ओळीने न कसता समोरासमोरचे थोडे थोडे कसा. लावून झालं की शेवटच्या मॉडेमपाशी जाऊन पुन्हा मोजा, कारण झाकण बसताना एखादी केबल ओढली गेलेली असू शकते.

निघण्याआधी झाकणाच्या आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवा: तारीख, वेळ, हवा गरम होती की थंड, इनपुटचे तीन आकडे, पॅड, इक्वलायझर, आउटपुटचे तीन आकडे, एमईआर, परतीचा पॅड. बॉलपेनने लिहा, स्केचपेनची शाई दमट हवेत पसरते. सहा महिन्यांनी इथे येणाऱ्याने सगळ्यात आधी इनपुटचे आकडे या चिठ्ठीशी ताडून पाहायचे. ते जुळले तर दोष अ‍ॅम्प्लिफायरमध्ये किंवा पुढे, नाही जुळले तर मागे.